पयले उजवा!

प्रत्येक वऱ्हाडी गोतावळ्यात एक घारेभाऊ असतात. हे आडनाव नव्हे, पदवी. भाऊंचे मूळ डोळे जांभळासारखे काळेभोर. पण पस्तिशीत त्यांनी करड्या लेन्स घेतल्या आणि तेव्हापासून अकोला-अमरावतीतली एकही वरात वेळेवर निघालेली नाही.

आधी साबणानं हात धुणं, मग ते कोरडे करणं. मग लेन्स बोटावर धरून न्याहाळणं: कड वाटीसारखी उभी हवी, बशीसारखी फाकली म्हणजे लेन्स उलटी. आणि मग मांडव दणाणून सोडणारी गर्जना, "पयले उजवा!" दोन डोळ्यांचे नंबर वेगळे, लेन्सची अदलाबदल नको, म्हणून सुरुवात उजव्यापासूनच. काढतानाही तेच. जोडेसुद्धा ते याच घोषणेनं घालतात. नवरीलाही ऐकवून येतात, "लेन्स मेकअपच्या आंधी घालाची, अन् मेकअप पुसाच्या आंधी काढाची!"

सेमाडोहला तर कहरच. पहाटे जिप्सी उभी, गाईड उभा, 1974 सालचा अख्खा मेळघाट व्याघ्रप्रकल्प ताटकळत उभा, आणि भाऊ आरशापुढे. "पयले उजवा!" तोवर वाघ सिपना नदीचं पाणी पिऊन घरी गेलेला. 1961 च्या नाताळात ओटो विख्टर्ले या चेक संशोधकानं मुलांच्या जोडखेळातून यंत्र जुळवून घरच्या घरी मऊ लेन्स तयार केल्या. भाऊंना त्या नुसत्या घालायला बहुधा त्याहून जास्त वेळ लागतो.

113 वर्षं बेपत्ता राहून 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला रानपिंगळा मेळघाटातही आहे. गाईडनं एकदा सागाच्या फांदीवर तो दाखवला. सगळे हरखले. भाऊ त्याचे पिवळे डोळे पाहून उसासले, "याले सोल्युशन लागत नाही, बाप्पा!"

दिवेलागणीला मात्र लेन्स डबीत जातात. रंगीत लेन्सचं मधलं पारदर्शक वर्तुळ ठरावीक मापाचं. अंधारात बाहुली त्याहून मोठी झाली की रंगाची कड नजरेच्या आड येते. मग जाड भिंगाचा, एक काडी दोऱ्यानं बांधलेला चष्मा लावून भाऊ चुलीपाशी बसतात, आणि तो घारा रुबाब कुठल्या कुठे जातो.

सेमाडोहच्याच एका मुक्कामी कॉलेजातल्या भाच्यानं सेल्फीपुरत्या लेन्स मागितल्या, तेव्हा भाऊ उखडले, "डोया काय टोपी हाय का, याची त्याले घालाले?" भाच्यानं मग गुपचूप स्वतःच्या काढल्या. बांगड्यांच्या दुकानातून घेतलेल्या, निळ्या, बिननंबरी. डोळ्याच्या डॉक्टरला न दाखवता घेतलेल्या. त्या त्यानं हापशाच्या पाण्यात खंगाळल्या आणि तशाच घालून झोपला. पहाटे डोळा लालबुंद, उजेड सोसेना.

भाऊ एक शब्द बोलले नाहीत. साध्या पाण्यातून अकांथामिबा हा सूक्ष्मजीव डोळ्यात शिरला, तर नजर जाऊ शकते, हे त्यांना पाठ होतं. त्यांनी लेन्स काढायला लावल्या आणि डबीत ठेवल्या, डॉक्टरांना तपासायला लागतील म्हणून. कुणीतरी पुढे केलेली ड्रॉपची जुनी बाटली हिसकावून घेतली. जिप्सी जंगलात शिरली. पैसे भरलेली सफारी सोडून भाऊंची गाडी परतवाड्याकडे वळली. आरशापुढे न थांबता निघायची भाऊंची ही पहिलीच खेप. चष्मा तोच, दोऱ्याचा.

त्या सकाळी इतरांना वाघ दिसला म्हणे.

परतवाड्याला डॉक्टरांनी बॅटरी हातात घेतली. "कोणता डोळा?"

"पयले उजवा!" भाऊ ओरडले. दुखत होता डावा.