नऊ लाख मिलिसेकंदांना अनावृत पत्र

प्रति,
श्री. मॅक्सआयडलटाइम,
मु. पो. टर्मिनल सर्व्हिसेस, ता. विंडोज एनटी, जि. मायक्रोसॉफ्ट, राज्य पॉलिसीज,
रजिस्ट्री.

स. न. वि. वि.

आपला हा पत्ता शोधायला मला अडीच दिवस लागले. एवढे कष्ट घेतल्यावर चार ओळी लिहिल्यावाचून राहवेना.

१८ तारखेची गोष्ट. २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरायचा असतो, हे आमच्या अकाउंट्समधल्या काकूंना स्वतःच्या लग्नाच्या वाढदिवसापेक्षा पक्कं पाठ आहे. त्यांनी सर्व्हरवर वर्षभराचा स्टॉकचा रिपोर्ट लावला. तो वीस-पंचवीस मिनिटं चालतो, म्हणून त्या चहाला गेल्या. येऊन बघतात तर रिमोट डेस्कटॉपची खिडकीच बंद. पुन्हा लॉगिन केलं तर कोरा करकरीत डेस्कटॉप. रिपोर्ट नाही, अर्धवट टाकलेलं व्हाउचर नाही. पंधरा मिनिटं, म्हणजे ९,००,००० मिलिसेकंद झाले की आपण जोडणी तोडता आणि आपले धाकटे बंधू मॅक्सडिस्कनेक्शनटाइम पुढच्या ६०,००० मिलिसेकंदांत सेशनचे दिवसकार्य उरकतात. फार गुणी घराणं.

दोन मिनिटं आधी आपण सूचना देता, हे मी नाकारत नाही. यावेळीही दिलीत. रिकाम्या खुर्चीला दिलीत, आणि खुर्चीनं हरकत घेतली नाही.

आपली ‘रिकामटेकडा’ या शब्दाची व्याख्या मात्र मला मनापासून आवडली. कीबोर्ड-माउसला हात लागला नाही, की माणूस बसून खातोय. तिकडे प्रोसेसरचा घाम निघतोय, डिस्कला धाप लागलीय, पण ते कुठलं काम! काम म्हणजे बोटं हलली पाहिजेत. अशी नजर असलेले साहेब मी पाहिलेत, पण ते निदान माणूस चहाला गेला म्हणून त्याचं टेबल भंगारात घालत नाहीत.

आणि आपला साळसूदपणा! आपल्या वाटचा मार मी किती जणांना दिला. आधी इंटरनेटवाल्याला फोनवर वाट्टेल ते बोललो. तो बिचारा येऊन वायर बदलून गेला. मग संशय फायरवॉलवर, कारण बराच वेळ गप्प असलेली जोडणी तोडायची खोड त्यालाही असते. त्याची मुदत वाढवली, फरक शून्य. शेवटी इव्हेंट व्ह्यूअर उघडला. लोकलसेशनमॅनेजरच्या नोंदींत इव्हेंट ४०, कारण क्रमांक ३. तीन म्हणजे निष्क्रियतेची मुदत संपली. आपली सही तिथे पहिल्या दिवसापासून होती, मीच पाहिली नव्हती. हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

बरं, चोर कळला म्हणून सापडला थोडाच! सर्व्हर मॅनेजरमध्ये कलेक्शनच्या सेटिंगला ‘नेव्हर’ केलं. आपण हसलात, कारण ग्रुप पॉलिसीपुढे त्या ‘नेव्हर’ला कोण विचारतो? मग ग्रुप पॉलिसीतच, पण युजरच्या भागात, मुदत काढून टाकली. तरी ठणठणपाळ. तोच नियम कॉम्प्युटरच्या भागातही असला तर माणसाचं चालत नाही, यंत्राचं चालतं. मग ‘जीपीरिझल्ट’चा रिपोर्ट काढला, तेव्हा आपले पालनकर्ते कळले: ‘टेस्ट २’ नावाची एक पॉलिसी. कुणीतरी कधीतरी करून बघितली आणि नोकरी सोडताना पुसायला विसरला. तो गेला, आपण आहात. ‘टेस्ट १’ कुठे असेल, या विचाराने मला रात्री झोप येत नाही.

आपण अगदीच कुचकामी आहात असं नाही. मोकळीक मिळाली तर चार-चार दिवस सेशन उघडी ठेवून घरी जातील असे महाभाग आमच्याकडे आहेत, सर्व्हरची मेमरी तेच खातील. त्यांच्यासाठी आपण हवेतच. उघड्या पडद्याची भीती म्हणाल, तर त्याला स्क्रीन लॉक पुरतो. त्यासाठी काकूंचा रिपोर्ट मारायचं कारण नव्हतं.

तर आपली बदली केली आहे. आपल्याला ३ तास, बंधूंना ८ तास. जोडणी तुटली तरी आत चाललेलं काम ८ तास चालू राहील, आणि काकूंना परत आल्यावर ते जिथल्या तिथे सापडेल. ‘जीपीअपडेट’ चालवून झालं आहे, तेव्हा रदबदलीसाठी कुणाला भेटू नये.

कळावे. लोभ नसला तरी चालेल.

आपला,
सर्व्हर सांभाळणारा

ता. क. आपल्या तडाख्यातून सुटलेला एकच माणूस सापडला. सेल्समधला. ‘क्वेरी युजर’ची यादी काढली तर त्याचा निष्क्रिय वेळ कायम शून्य, ऑफिसातला सर्वांत कामसू माणूस. टेबलापाशी जाऊन पाहिलं. साहेब जेवायला गेले होते आणि कंट्रोलच्या बटणावर स्टेपलर ठेवला होता.