हौशी वहिनी

हौशी वहिनी हा मराठी मध्यमवर्गात सर्वत्र आढळणारा प्रकार आहे. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक ही त्याची मुख्य ठाणी असली, तरी न्यू जर्सीपर्यंत त्याचा प्रसार झालेला आहे. वय साधारण पस्तिशीच्या पुढे. वरची मर्यादा अजून कोणाला सापडलेली नाही. नात्याने त्या एकदोन दिरांच्याच वहिनी असतात, पण सोसायटीचे चेअरमन, भाजीवाला आणि शिंपी यांनीही ही पदवी बिनविरोध मान्य केलेली असते.

हौसेला मोल नसते, असे म्हणतात. वहिनींच्या हौसेला मोल असते. दुकानात घासाघीस करून ते त्यांनीच ठरवलेले असते आणि घरी सांगताना त्यातून आणखी तीनशे रुपये वजा होतात. त्यामुळे श्रीमंतीशी या प्रकाराचा संबंध जोडता येत नाही. त्याचे मुख्य लक्षण वेगळेच आहे. इतर माणसे हौस स्वतःपुरती करतात. वहिनींची हौस घरातल्या सर्वांना सक्तीची असते. त्यातून सूट आजारपणाला नाही, वयाला नाही आणि जावयाला तर मुळीच नाही.

हे लक्षण रोजच्या धबडग्यात पुरते दिसत नाही. ते पाहावे सहकुटुंब सहलीत, आणि त्यासाठी रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यातले मुरुड फार सोयीचे. जंजिऱ्याजवळचे मुरुड निराळे, ते रायगड जिल्ह्यात. फोनवरच्या नकाशात नुसते 'मुरुड' टाकून निघालेला एखादा भाचा हमखास त्या मुरुडला पोहोचतो आणि "आम्ही आलो, तुम्ही कुठे राहिलात?" असे वर विचारतो.

सहल ठरली म्हणून कपडे घेतले जातात, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. क्रम उलटा असतो. आधी कापड येते. ते एखाद्या प्रदर्शनातून, बहुधा शेवटच्या दिवशीच्या सवलतीत, घेतलेले असते. घरी आल्यावर 'हे घालायचे कुठे?' असा प्रश्न उभा राहतो. ऑफिसात शोभणार नाही, लग्नाला साधे दिसेल. मग उत्तर म्हणून समुद्र सुचतो. निळ्या पाण्यापुढे मोहरी रंग खुलतो, हे मुरुडला जाण्याचे खरे कारण. मुलांना सुट्टी आहे, सासूबाईंना हवापालट हवा आहे ही नंतर जोडलेली कारणे.

सध्या या कापडांत खणाला पहिला मान आहे. हा खण कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा. मुळात तो अरुंद पन्ह्याचे, चोळीचे कापड. आजीच्या पिढीत त्याची धाव चोळीपर्यंत आणि खणानारळाच्या ओटीपर्यंतच होती. अलीकडे त्याची साडी झाली, साडीमागोमाग कुर्ता, जाकीट, पर्स आणि लॅपटॉपची पिशवी झाली. करोनाच्या काळात मास्कही झाला. वहिनींच्या घरी एकाच ठाणातून सासूबाईंचे पोलके, दिराचे जाकीट, नातीचे परकर-पोलके आणि चष्म्याची घरे निघतात. उरलेल्या तुकड्यांना चिंध्या म्हणण्याची घरात कोणाची प्राज्ञा नाही. त्यांची पिशवी माळ्यावर असते, आणि तिच्यातले काही फेकले गेल्यास वहिनींना ते दुसऱ्या खोलीत बसूनही कळते.

या सक्तीचा पहिला विरोध जावयाकडून होतो. "मला जाकीट गरम होतं हो," असे तो म्हणतो. "अस्तर काढलंय," हे उत्तर तयार असते. दुसरा विरोध आत्याबाईंचा. यजमान गेल्यापासून त्या फिकट सुती साड्यांपलीकडे काही नेसलेल्या नाहीत. "मला कशाला आता असलं? तुम्ही नेसा, मी बघते," असे त्या सांगतात. वहिनी वाद घालत नाहीत. "ब्लाऊज शिवून आलाय, तुमच्या मापाचा," एवढेच म्हणतात आणि पुढच्या कामाला लागतात. माप कधी घेतले, हे आत्याबाईंना शेवटपर्यंत कळत नाही.

कपड्यांनंतर हस्तकला. या शाखेचे मूळ रुखवतात आहे. साखरेचे बंगले, मोत्यांच्या महिरपी, विणलेली तोरणे हे सारे मांडवात एक दिवस मिरवण्यासाठी जिने महिनोन्‌महिने केले, त्या बाईची ही थेट वारस. फरक एवढाच की रुखवताला लग्नाचे निमित्त लागे, वहिनींना निमित्त लागत नाही. क्रोशाचे रुमाल, मॅक्रमेचे झोपाळे, टेराकोटाची कानातली, क्विलिंगच्या राख्या, रेझिनचे कोस्टर हे त्यांचे आजवरचे टप्पे. प्रत्येक टप्पा साहित्य पूर्ण विकत घेतल्यावर सुरू होतो आणि वस्तू अर्धी झाल्यावर संपतो. भरतकाम मात्र टिकून आहे, कारण ते गाडीत बसून करता येते. साखळी टाका घाटात चालतो, गहू टाक्याला सरळ रस्ता लागतो. गाठीचा टाका गाडी पंक्चर झाल्यावर घ्यावा, असा त्यांचा अनुभव आहे.

तयार वस्तू नातेवाइकांना भेट जातात. त्या ठेवून घेण्याचे शास्त्र नातेवाइकांनी परस्पर विकसित केले आहे. वहिनी येणार असे कळले की क्रोशाचा रुमाल कपाटातून निघून टीव्हीवर जातो. टीव्ही भिंतीला चिकटण्याइतके चपटे झाल्यापासून या व्यवस्थेत अडचण आली असून, तो रुमाल आता वायफायच्या डब्यावर आढळतो.

पुण्याहून मुरुडला जाण्याचा एक प्रचलित मार्ग ताम्हिणी घाटाने माणगाव, पुढे आंबेतचा पूल, मंडणगड आणि दापोली असा आहे. रेल्वेने यायचे तर कोकण रेल्वेचे खेड स्थानक जवळचे. हौशी वहिनी रेल्वेने येत नाहीत, कारण सामान. दोन मुक्कामांना पाच साड्या, त्यांवरचे दागिने वेगवेगळ्या डब्यांत, एक प्रवासी इस्त्री, मेतकुटाची बरणी, आणि 'लागला तर' या सदराखाली एक शेला. यजमान हे सामान डिकीत भरतात, वहिनी ते काढून पुन्हा भरतात, आणि दुसऱ्या वेळी एक पिशवी जास्त बसते. या घटनेचा उलगडा अद्याप कोणत्याही यजमानाला झालेला नाही.

आसूदच्या बागा मागे पडल्या की थोड्याच वेळात मुरुड येते. गावातला रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे आणि गडग्यांमागे नारळी-पोफळींची आगरे. बहुतेक घरांवर 'घरगुती निवास व भोजनाची सोय' ही पाटी. अशा एका घरात उतरल्यावर वहिनींची पहिली नजर खोलीकडे जात नाही, मागच्या पडवीकडे जाते. तिथे घरमालकीणकाकू माडाच्या झावळीचे झाप विणत बसलेल्या असतात. झावळ मधोमध चिरलेली, एक पात आड एक पात वर, हात चालूच आणि तोंडाने जेवणाला किती माणसे याची चौकशी. शेजारी हिरांच्या खराट्याची मोळी आणि वाळत टाकलेल्या पोफळीच्या विऱ्या.

"काकू, किती सुंदर! पूर्ण हँडमेड!" वहिनी उद्गारतात.

"मग काय पायाने विणू?" काकू विचारतात. "न्हाणीवर घालायचाय. पाऊस सरळ आत येतो."

तरीही वहिनी शेजारी बसतात आणि अर्ध्या तासात चार वितींचा झाप विणतात. तो थोडा एका अंगाला झुकतो. काकू तो उलटसुलट बघतात आणि "कोंबड्यांना होईल" असा निर्वाळा देतात. वहिनींच्या हातच्या वस्तूला प्रत्यक्ष उपयोग मिळाल्याची ही पहिलीच नोंद असल्याने ती ताबडतोब कुटुंबाच्या ग्रुपवर जाते.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम कपड्यांप्रमाणे लावलेला असतो. पहाटे डॉल्फिन पाहायला होडी, म्हणून सलवार-कुर्ता. डॉल्फिनची पाठ दिसते न दिसते तोच पाण्याखाली जाते. नेमक्या त्या क्षणी वहिनींची ओढणी यजमानांच्या कॅमेऱ्यासमोर येते. त्यामुळे घरोघरच्या संग्रहात मुरुडच्या डॉल्फिनपेक्षा ओढण्यांची छायाचित्रे जास्त आहेत. दुपारी आमसुलाचे सार, केळफुलाची भाजी आणि उकडीचे मोदक. हा वेळ कपड्यांच्या दृष्टीने निकामी, कारण जेवल्यावर कोणालाही काही नेसवत नाही. तिसऱ्या प्रहरी हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव. तिथे चिखल, बर्फ, टोपल्या आणि आरडाओरडा यांच्या मधोमध वहिनी कडक इस्त्रीच्या लिननमध्ये उभ्या राहतात. सुरमईचा भाव त्या विचारत नाहीत. टोपलीमागच्या मावशींच्या गळ्यातली पोत कोणत्या सोनाराने घडवली, हे विचारतात आणि त्या मावशी लिलाव सोडून ते सविस्तर सांगतात.

पादत्राणांच्या बाबतीत त्यांचे धोरण कोल्हापुरी आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी. २०२५ च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशा चपला उतरवल्या, तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ झाला आणि कंपनीला मूळ प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य करावे लागले. वहिनींनी तो विषय फार मनावर घेतला. आपण कॉलेजपासून जे घालतो ते मिलानला आता कळले, हे त्यांनी दोन महिने सर्वांना ऐकवले. मात्र मानांकनामुळे चामड्याचा धर्म बदलत नाही. नवी कापशी चप्पल पायाला चावते, आणि खाऱ्या पाण्यात भिजली की जी आखडते ती पुन्हा पायात जात नाही. म्हणून मुरुडच्या किनाऱ्यावर चपला यजमानांच्या हातात असतात आणि फोटोच्या वेळेपुरत्या खाली ठेवल्या जातात.

खणाची साडी राखलेली असते दुर्गादेवीच्या दर्शनासाठी. देवळातले कोरीव लाकडी खांब पाहण्यासारखे आहेत. इतर भाविक देवीकडे पाहतात, तेव्हा वहिनी खांबावरच्या फुलाचा कागदावर ठसा उतरवत असतात. ते फूल पुढे कोणाच्या तरी ब्लाऊजच्या पाठीवर उमलणार असते. ओटीसाठी आणलेला खण हातातून सुटताना त्या क्षणभर अडखळतात, कारण त्याचे काठ फार चांगले असतात. मग तो देवीलाच देतात. या एका ठिकाणी त्यांची हौस माघार घेते.

महर्षी धोंडो केशव कर्वे मुरुडचे. त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी शेरवलीला झाला, पण घर आणि बालपण इथले. शाळकरी वयात ते परीक्षेसाठी इथून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय लहान दिसते म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. हे ऐकून यजमान डिकीतल्या सामानाकडे सूचकपणे पाहतात. वहिनी त्यांच्याकडे पाहत नाहीत. १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा याच गावाने त्यांना वाळीत टाकले. पुढे १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढले आणि १९५८ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळाले. ही माहिती पुतणी फोनवरून मोठ्याने वाचते. आत्याबाई ती ऐकत असतात, मोहरी खणाच्या साडीत. साडी त्यांनी सकाळी मुकाट्याने नेसली, मात्र निऱ्या कोणालाही हात लावू न देता स्वतः घातल्या. सर्वांचा फोटो निघताना त्या मागे सरकू लागतात, तर वहिनी ओरडतात, "आत्या, पुढे या, नाहीतर रंगांचा तोल जातो." रंगांच्या तोलाला नाही म्हणणे आत्याबाईंना साधत नाही.

परतीच्या सामानात आगळ, आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ आणि शिंपल्यांची पिशवी असते. शिंपल्यांची समई होणार, असे जाहीर झालेले असते. घरी आल्यावर पिशवीला वास सुटतो आणि ती बाल्कनीत जाते. समई होत नाही. पण सर्वांनी मिळून शिंपले वेचलेला तासभराचा काळ सहलीत सर्वांत शांततेचा गेला, कारण तेवढा वेळ कोणाच्याही हातात फोन नव्हता.

यजमानांची भूमिका या प्रकारात पूरक समजली जाते. कुरकुर हे त्यांचे नेमून दिलेले काम आहे आणि ते ते चोख करतात. तरी ऑफिसात खणाच्या जाकिटाचे कोणी कौतुक केले, तर 'आमच्याकडे घरीच होतं हे सगळं' हे वाक्य त्यांच्याच तोंडून निघते.

हा प्रकार नामशेष होईल अशी भीती अधूनमधून व्यक्त होते. नव्या सुना करड्या रंगाच्या, बिनकाठाच्या आणि मोजक्या वस्तूंच्या बाजूच्या असतात. 'मला नाही बाई असलं आवडत,' असे त्या पहिल्या वर्षी स्पष्ट सांगतात आणि वहिनी ते शांतपणे ऐकून घेतात. साधारण तिसऱ्या वर्षी एखाद्या दुपारी सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन, सहज विचारल्यासारखे, विचारते, "आई, तो मोहरी खणाचा तुकडा उरलाय का हो? एवढासाच हवाय." वहिनी माळ्यावरची पिशवी काढायला स्टूल मागतात.