सहीवाले काका

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटसारख्या गावात, एकाच रंगाच्या टाउनहाउसांची वसाहत असली की तिथे एक काका असतातच. निवृत्त इंजिनिअर, डोक्यावर टोपी, पायात मुलाने घेतलेले महागडे बूट. नोकरीत असताना त्यांनी चिपा तपासल्या, आता ते लिफाफे तपासतात. घरमालकांच्या असोसिएशनच्या, म्हणजे तिकडच्या भाषेत एचओएच्या, बोर्डाची निवडणूक लागली की त्यांच्या सकाळच्या फेरीची वाट बदलते. एरवी तळ्याकडे वळणारे काका घराघरांवरून जाऊ लागतात आणि समोरच्याला "काय म्हणताय?" असं न विचारता थेट विचारतात, "सही केलीत?"

कशावर, ते सांगावं लागत नाही. जुलै २००६पासून कॅलिफोर्नियात अशा निवडणुका गुप्त मतदानाने घ्याव्या लागतात आणि डेव्हिस-स्टर्लिंग कायद्याने त्याची रीतही ठरवून दिली आहे. मतदानाची मुदत संपायच्या किमान ३० दिवस आधी मतपत्रिका घरी येते, सोबत दोन लिफाफे. मतपत्रिकेवर नाव नाही, सही नाही. ती पहिल्या लिफाफ्यात घालून तो बंद करायचा आणि दुसऱ्यात सरकवायचा. या दुसऱ्याच्या डाव्या कोपऱ्यात वरती नाव, पत्ता आणि सही. कोणी मत दिलं ते बाहेरच्या लिफाफ्यावरून कळावं आणि कोणाला दिलं ते आतल्यातच राहावं, अशी ही योजना.

कागदावर चोख आहे. घोळ होतो तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर. कोणी सही करतो ती मतपत्रिकेवरच, कारण चेकवर सही करून हाताला तेच वळण पडलेलं असतं. कोणी दोन्ही लिफाफे शेजारी शेजारी ठेवून विचार करतो आणि एकच पाठवतो. कोणाचं घर कुटुंबाच्या ट्रस्टच्या नावावर असतं, मग नाव कोणाचं लिहायचं यावर नवराबायकोत चर्चा होते आणि ती संपेपर्यंत मुदत संपते. घर भाड्याने दिलं असेल तर टपाल भाडेकरूच्या पेटीत पडतं आणि पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात जातं. एक मालक तर पुण्याला परत गेलेले. त्यांची मतपत्रिका बाणेरला पोचते तेव्हा इकडे नव्या बोर्डाने झाडं छाटायचं कंत्राटही देऊन टाकलेलं असतं.

आणि सगळ्यांत साधी चूक म्हणजे कोपरा कोरा ठेवणं. लिफाफा वेळेवर येतो, तिकीट लावलेलं असतं, आत मतही असतं. सही नसते. निरीक्षक तो बाजूला ठेवतो.

बाजूला पडलेल्या त्या गठ्ठ्याकडे बघताना काकांचा चेहरा मुलाची बारावी हुकल्यासारखा होतो. मतमोजणी उघड्या सभेत व्हावी लागते आणि ती कोणाही सभासदाला पाहता येते. हा हक्क वसाहतीत नेमाने बजावणारे काका एकटेच. पहिल्या रांगेत खुर्ची, मांडीवर वही. निवडणुकीनंतर सह्यांचे लिफाफे तपासायला मागता येतात, पण त्यांची नक्कल काढता येत नाही, असंही कायदा म्हणतो. काकांना त्याची अडचण नाही. कोणत्या घराची सही गेल्या खेपेपेक्षा वेगळी दिसते, हे त्यांना तोंडपाठ आहे.

नव्या शेजाऱ्यांना हे सारं रिकामपणाचं लक्षण वाटतं. अशा वेळी काका त्यांना लास वेगासची गोष्ट सांगतात.

ही गोष्ट खरी आहे, आणि काकांनी तिच्यात फारसा मीठमसाला घातलेला नाही, कारण गरजच नाही. २००३ ते २००९च्या दरम्यान तिथे एका बांधकाम कंत्राटदाराच्या टोळीने एकामागून एक असोसिएशनांची बोर्डं ताब्यात घेतली. आपली माणसं नावापुरती घरमालक करायची, त्यांना निवडून आणायचं आणि मग बांधकामातल्या दोषांचे खटले नि दुरुस्तीची कामं आपल्याच वकिलाला, आपल्याच कंपनीला. निवडून आणायचं कसं? गावाबाहेर राहणाऱ्या मालकांच्या नावाने खोट्या मतपत्रिका भरायच्या. त्या लास वेगासमध्येच टपालात टाकल्या तर शंका येईल, म्हणून कॅलिफोर्नियात नेऊन वेगवेगळ्या ठिकाणांहून पाठवायच्या, शिक्के वेगवेगळे पडावेत एवढ्यासाठी. प्रकरण एफबीआयकडे गेलं आणि म्होरक्याला २०१५ साली १५ वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला.

"कॅलिफोर्नियात नेऊन!" काका इथे थांबतात. त्यांना या फसवणुकीपेक्षा आपल्या राज्यातल्या टपालपेट्यांचा असा वापर झाला, हे जास्त लागलेलं असतं.

गंमत अशी की या गोष्टीने शेजारी सावध होतात ते काकांपासूनच. दारोदार फिरून "मतपत्रिका आली का, भरली का, पाठवली का" असं विचारणारा माणूस हा असोसिएशनचा तारणहार असतो किंवा नेमका ज्याच्यावर नजर ठेवावी तो असतो, आणि दारातून बघताना दोघे अगदी सारखेच दिसतात. काकांना हे ठाऊक आहे. म्हणून ते कोणाच्या लिफाफ्याला हात लावत नाहीत. "तुम्हीच टाका," म्हणतात आणि त्या माणसाबरोबर टपालपेटीपर्यंत चालत जातात. गुप्त मतदानाला असा पहारा घटनाकारांनाही सुचला नसता.

पहाऱ्याला कारण आहे. गणसंख्या भरली नाही की निवडणूक लटकते आणि जुनं बोर्ड खुर्च्यांवर तसंच बसून राहतं. २०२४पासून संचालकांच्या निवडणुकीत तहकूब सभेला २० टक्के मतं पुरतात. तेवढी जमवतानाही काकांचे बूट झिजतात. त्यात २०२५पासून ऑनलाइन गुप्त मतदानाचीही परवानगी आली. हवी असेल त्याला कागदी मतपत्रिका मिळतेच, पण तरुण मंडळी फोनवर मत देतात. त्यांना "सही केलीत?" विचारलं की ती काकांकडे आजोबांकडे बघावं तशी बघतात.

खरा घाव मात्र वेगळ्याच तरतुदीचा. २०२२पासून, ठरलेल्या सूचना वेळेवर दिल्या असतील आणि जागांपेक्षा उमेदवार जास्त नसतील, तर बोर्डाला त्यांना बिनविरोध निवडून आल्याचं जाहीर करता येतं. मतपत्रिका नाही, लिफाफा नाही, कोपरा नाही. पुण्यातल्या सोसायटीत ही बातमी पेढे वाटून सांगतात. काकांना ती निवृत्तीसारखी वाटली. यंदा जागा तीन आणि अर्ज तीन. मुदतीला चार दिवस उरले होते आणि काका चौथा उमेदवार शोधत फिरत होते. जलतरण तलावाची नियमावली पाठ असलेले गृहस्थ नाही म्हणाले. कुत्र्यांवरून दरवर्षी तक्रार करणाऱ्या बाई नाही म्हणाल्या. शेवटी घराच्या कागदांवर काकूंचंही नाव आहे, हे काकांना आठवलं.

"अगं, तू उभी राहा. निवडून यायची गरज नाही. नुसती निवडणूक होऊ दे."

काकू भाजी चिरत होत्या. "उभी राहिले तर मत मला द्याल?"

"मतदान गुप्त असतं," काका कायद्याला स्मरून म्हणाले.

"अहो, घराला मत एकच," काकू म्हणाल्या. "इतकी वर्षं मीच खुणा करते, तुम्ही फक्त सही करता."