हिशेब जुळला, माल गेला

सर्व्हर कोसळल्यावर ‘एफएससीके’ ही तपासणीची आज्ञा फाइलसिस्टिम दुरुस्त करते, हा गोड गैरसमज. ती फक्त खातेवही जुळवते. फोल्डरशी नाळ तुटलेल्या फाइली ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये ढकलायच्या, नावाऐवजी आयनोडचा, म्हणजे फाइलीच्या अंतर्गत नोंदीचा, आकडा चिकटवायचा आणि ‘क्लीन’ असा शेरा मारायचा. लेखापरीक्षकाला शोभावा असा निर्विकारपणा! बदल आधी टिपून ठेवणारं जर्नलिंग आहे की, असं कुणी म्हणेल. पण ‘ईएक्सटी४’ फाइलसिस्टिमच्या जर्नलमध्ये नेहमीच्या मांडणीत मजकूर नसतो, मजकुराबद्दलच्या नोंदी असतात. मग बॅकअप? ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कोड साठवणाऱ्या सेवेचा डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअप आणि प्रतिकृतीच्या पाच पद्धतींपैकी एकही धड कामी येईना. तारलं ते सुमारे सहा तास आधीच्या स्नॅपशॉटने. तोही घेतला होता चाचणीच्या सर्व्हरसाठी!