अस्वल गेलं बाल्टिमोरला

आमच्या क्वीन्समधल्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. बायको त्याच्याकडे संकष्टी आणि एकादशीसाठी बघते. मी वेगळ्या कारणाने बघतो. डिसेंबरच्या पानावर मी पेन्सिलीने न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल क्लबचा पुढच्या हंगामाचा संघ मांडलेला असतो. दत्तजयंतीच्या चौकोनात पहिला बेसमन, नाताळच्या चौकोनात सामन्याचा शेवट सांभाळणारा क्लोजर, मधल्या आठवड्यात जमतील तसे पिचर. २०२५च्या डिसेंबरात हे पान खोडरबराने फाटलं. त्या भोकातून आता नोव्हेंबर दिसतो.

बेसबॉल ऑक्टोबरअखेर संपतो, हा तो खेळणाऱ्यांचा गैरसमज आहे. आम्हा चाहत्यांचा हंगाम तेव्हा कुठे सुरू होतो. अमेरिकेत याला ‘हॉट स्टोव्ह’ म्हणतात. पूर्वी थंडीत गावातल्या दुकानात शेगडीभोवती बसून कोण कुठल्या संघात जाणार याच्या गप्पा चालत, त्यावरून हे नाव. आपल्याकडे पारावर बसून सरकारं पाडतात, तसे इथे शेगडीपाशी बसून संघ बांधतात. आता शेगडी फोनमध्ये आली आहे, त्यामुळे ती उशाशी घेऊन झोपताही येतं.

या शेगडीची धग डोक्यात गेली की काय होतं, ते ८ डिसेंबर २०२३ रोजी जगाने पाहिलं. शोहेई ओतानी हा खेळाडू कुठल्या संघात जाणार याची अख्ख्या खंडाला काळजी लागली होती. तेवढ्यात दक्षिण कॅलिफोर्नियातून एक खासगी विमान टोरांटोला निघालं. हजारो माणसं कामधाम सोडून ते विमान नकाशावर कुठे पोचलं हे बघत बसली. विमान उतरलं आणि त्यातून रॉबर्ट हेर्जावेक नावाचे कॅनडाचे उद्योगपती बाहेर आले. दुसऱ्या दिवशी ओतानीने लॉस एंजेलिस डॉजर्सशी १० वर्षांचा, ७० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. विमानावर नजर ठेवणाऱ्यांत मीही होतो. मी टोरांटोचा चाहतासुद्धा नाही.

मराठी वाचकाला आयपीएलचा लिलाव ठाऊक आहे. तिथे खेळाडूचं नाव पुकारतात, मालक पाट्या वर करतात, हातोडा पडतो आणि खेळाडू पडेल त्या घरी जातो. इथल्या फ्री एजन्सीत उलटं आहे. सहा वर्षं सेवा झालेला, करार संपलेला खेळाडू घरी पाय पसरून बसतो आणि मालक दारात रांग लावतात. लिलाव मालकांचाच होतो म्हणा ना. पुकारा करायला एजंट असतो.

या लिलावात माझं काम एकच, दुसऱ्याचे पैसे खर्च करणं. जॅक्सन हाइट्सच्या दुकानात कोथिंबिरीची जुडी दीड डॉलर सांगितली तर मी ती खाली ठेवून पुढच्या दुकानात जातो. पण मेट्सचे मालक स्टीव्ह कोहेन यांच्या पैशांच्या बाबतीत माझा हात थेट कर्णाचा. त्यांनी डिसेंबर २०२४मध्ये हुआन सोटोला १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर कबूल केले, म्हणजे आपले सुमारे साडेसहा हजार कोटी रुपये. मी चहा ढवळत म्हणालो, “स्वस्तात पडला.” न्यूयॉर्कचाच दुसरा संघ यांकीज, तेही १६ वर्षांचे ७६ कोटी द्यायला तयार होते, अशा बातम्या होत्या. पण मेट्सनी म्हणे घरच्या मंडळींसाठी स्टेडियममधली खास बैठक देऊ केली. विहीणबाईंच्या पैठणीचं एकदा ठरलं की याद्या कशा भराभर होतात, हे न्यूयॉर्कच्या अब्जाधीशांना उशिरा का होईना कळलं.

मोडलेलं स्थळही आम्ही पाहिलंय. २०२२च्या डिसेंबरात कार्लोस कोरेयाचं सॅन फ्रान्सिस्कोशी १३ वर्षांचं, ३५ कोटींचं जमलं. वैद्यकीय तपासणीत घोट्यात मंगळ निघाला आणि ओळख-समारंभाच्या दिवशीच समारंभ रहित झाला. लगोलग आमच्या मेट्सनी १२ वर्षांचे साडेएकतीस कोटी सांगून स्थळ उचललं. घोटा तोच, मंगळही तोच. शेवटी पोरगा मागच्या हंगामात जिथे होता त्या मिनेसोटातच ६ वर्षांच्या २० कोटींवर परत गेला. दरम्यान मी कालनिर्णयात त्याचं नाव दोनदा लिहून दोनदा खोडलं.

मेट्सचंच वेड का, असं लोक विचारतात. देशातून आलो तेव्हा माझी पहिली खोली फ्लशिंगमध्ये होती. गणपतीचं देऊळ आणि मेट्सचं मैदान दोन्ही त्याच भागात. देवळाच्या कँटीनमध्ये डोसा खायचा आणि मैदानात हरायला जायचं, असा क्रम बसला तो बसलाच. हा संघ १९६२ साली पहिला हंगाम खेळला आणि १२० सामने हरला. त्याच वर्षी त्यांनी क्लीव्हलँडकडून हॅरी चिटी नावाचा कॅचर घेतला. बदल्यात द्यायच्या खेळाडूचं नाव मागाहून सांगू, असं ठरलं. मागाहून जे नाव सांगितलं ते हॅरी चिटी हेच होतं. तुळशीच्या लग्नापासून आजवरच्या इतिहासात स्वतःच्याच बदल्यात स्वतः परत गेलेला आहेर मला दुसरा माहीत नाही.

आणि बॉबी बोनिया! त्याने मेट्ससाठी शेवटचा सामना १९९९ साली खेळला. त्याला द्यायचे राहिलेले ५९ लाख डॉलर एकदम देण्याऐवजी सव्याज हप्त्याने देऊ, असं तेव्हाच्या मालकांनी ठरवलं. व्याज ८ टक्के. २०११पासून दर १ जुलैला त्याला ११ लाख ९३ हजार २४८ डॉलर आणि २० सेंट मिळतात आणि ते २०३५पर्यंत मिळत राहतील. माझे सासरे पोस्टात पैसे ठेवणारे गृहस्थ. त्यांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जावईबापू, या बोनियाचा सल्लागार कोण?”

तर अशा संघावर २०२५चा डिसेंबर कोसळला. १२ जूनला सगळ्या लीगमध्ये अव्वल असलेला संघ शेवटच्या दिवशी बाद फेरीबाहेर राहिला होता, तेव्हा झाडाझडती होणार हे दिसत होतं. नोव्हेंबरातच ब्रँडन निमोला टेक्सासला धाडलं. ९ डिसेंबरला बातमी आली, ज्याच्या आगमनाला तुतारी वाजायची तो आमचा क्लोजर एडविन डियाझ डॉजर्सकडे चालला, ३ वर्षांच्या ६ कोटी ९० लाखांवर. १० डिसेंबरला पीट अलॉन्सो बाल्टिमोर ओरिओल्सकडे, ५ वर्षांच्या साडेपंधरा कोटींवर.

अलॉन्सोचं टोपणनाव ‘ध्रुवीय अस्वल’. मेट्सकडून २६४ होम रन, संघाच्या इतिहासात सगळ्यात जास्त. आमच्या पाचवीतल्या चिरंजीवांच्या अंगात त्याच्याच २० आकड्याचा सदरा असतो. शाळेत, झोपेत आणि सत्यनारायणाच्या पूजेलाही.

“गद्दार!” मी ओरडलो.

“कोण?” बायकोने लॅपटॉपमधून मान न काढता विचारलं. ती एका कंपनीत एचआरला आहे. तिच्या लेखी हे सगळं अॅट्रिशन.

“अस्वल. सात हंगाम या शहराने डोक्यावर घेतलं. निघाला पैशासाठी.”

“तू ग्रीन कार्ड आल्यावर किती दिवसांनी नोकरी बदललीस?”

“तो प्रश्न वेगळा आहे.”

“तीन महिन्यांनी. अठरा टक्क्यांवर. मॅनेजरने गद्दार म्हटलं का तुला? केक कापला होता. उरलेला तू डब्यात घालून घरी आणलास.”

मी गप्प बसलो, कारण केक खरंच चांगला होता. पण तिने खपली काढली ती काढलीच. रात्री शेगडी उशाशी घेऊन हिशेब मांडला. एच-१बी व्हिसाची कमाल मुदत ६ वर्षं. खेळाडूला मोकळं व्हायला लागणारी सेवाही ६ वर्षं. बाजारात आपली किंमत किती हे ठाऊक असताना एकाच दारात उभं राहायचं, म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. त्या काळात बेंचवर बसलेल्या आम्हा मंडळींना कंपनी ‘कुटुंब’ म्हणायची. कुटुंबातून काढताना मात्र ई-मेल यायची.

बेसबॉलमध्ये तर पूर्वी सहा वर्षांचीही सोय नव्हती. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाचा. कर्ट फ्लड हा सेंट लुईस कार्डिनल्सचा नावाजलेला खेळाडू. १९६९ साली त्याला न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो जायला तयार झाला नाही. मी खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, अशा अर्थाचं पत्र त्याने आयुक्तांना लिहिलं आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. १९७२मध्ये पाच विरुद्ध तीन मतांनी हरला. तोवर त्याची कारकीर्द संपली होती. पुढे अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली यांनी १९७५चा हंगाम करारावर सही न करता काढला आणि डिसेंबरात पीटर साइट्झ या लवादाने ते मोकळे असल्याचा निवाडा दिला. मालकांनी लगेच साइट्झनाच मोकळं केलं.

मालक तेव्हाही हुशार होते आणि आजही आहेत. बेसबॉलमध्ये सेवेचं एक वर्ष भरतं १७२ दिवसांनी. २०१५ साली शिकागो कब्जने क्रिस ब्रायंट या होतकरू पोराला हंगाम सुरू झाल्यावर काही दिवस खालच्या संघात ठेवलं. त्याचे वर्षाअखेर भरले १७१ दिवस. एका दिवसाने त्याची सुटका वर्षभर लांबली. दाद मागितली तर निकाल कब्जच्या बाजूने लागला. आपल्याकडे कंत्राटी मास्तरांच्या सेवेत एक दिवसाचा ‘तांत्रिक खंड’ टाकणाऱ्या साहेबांना हे वाचून शिकागोत एखादा चुलतभाऊ सापडल्याचा आनंद होईल.

संघाची निष्ठा म्हणाल, तर टॉम सीव्हर हा मेट्सचा देव. तो १९७७ साली सिनसिनाटीला दिला. नोलन रायन १९७१मध्ये देऊन टाकला आणि तो पुढे १९९३पर्यंत दुसऱ्यांसाठी फलंदाज बाद करत राहिला. २९ जुलै २०१५ रोजी तर कमाल झाली. भर सामन्यात प्रेक्षकांच्या फोनवर बातमी आली की विल्मर फ्लोरेसला मिलवॉकीला दिलं. त्यालाही ती मैदानातच कळली. सोळाव्या वर्षी व्हेनेझुएलातून याच संघाशी करार केलेला हा पोरगा बाहीने डोळे पुसत जागेवर उभा राहिला. त्या रात्री सौदा फिसकटला, दोन दिवसांनी त्याने बाराव्या डावात होम रन मारून सामना जिंकून दिला आणि आम्ही सगळे रडलो. २०१८मध्ये त्याच संघाने त्याला नारळ दिला. तेव्हा कुणाला गद्दार म्हणायचं, हे मला सुचलं नव्हतं. मी कालनिर्णयात पुढच्या वर्षीचा दुसरा बेसमन शोधत होतो.

रविवारी साताऱ्याहून आईचा व्हिडिओ कॉल आला. २०२४च्या उन्हाळ्यात ती इथे आली होती. गणपतीचं दर्शन झाल्यावर मी तिला मैदानात नेलं. तिला खेळ काही कळला नाही, पण अलॉन्सो आवडला. “अंगापिंडाने चांगला आहे,” असं म्हणाली. तेव्हापासून ती दर फोनला अस्वलाची चौकशी करते.

“आजी, अस्वल गेलं,” चिरंजीवांनी बातमी फोडली. “दुसऱ्या गावाला.”

“अगं बाई! का रे?”

“जास्त पैसे मिळाले,” मी म्हणालो. आवाजात जमेल तेवढा तिरस्कार घातला.

“मग बरं झालं की. कष्टाचं पोर आहे. लांब गेला का फार?”

“बाल्टिमोर. तीन-चार तास.”

“जवळच आहे म्हणायचं.” ती थोडी थांबली. “किती वर्षांसाठी गेलाय?”

“पाच.”

“पाच म्हणतात,” आई म्हणाली.

२००६ साली पुण्यातली नोकरी सोडून निघताना मी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर तिला म्हणालो होतो, दोनच वर्षं जातो. तो करार मी किती वेळा वाढवला याची नोंद कुठल्याच कालनिर्णयात नाही. समोरच्या पक्षाची सही मी कधी घेतलेली नाही.

“आणि आता इकडे खेळायला येणार की नाही तो?”

वेळापत्रक मला पाठ आहे. ओरिओल्स दुसऱ्या लीगमधले. ते आमच्या मैदानावर एक वर्षाआड येतात, तीन सामन्यांसाठी.

“येतो,” मी म्हणालो. “वर्षाआड. तीन दिवस.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. आई उठली नाही.

“येऊ दे,” ती म्हणाली. “आला की ओरडू नका त्याच्यावर. तीनच दिवस असतात.”