आधी चौकशी, मग मुंबई

मुंबईत पहिल्यांदा येणाऱ्याला लोकल कळत नाही, ही तक्रार निराधार आहे. ज्याला कळायला हवी त्याला ती कळते. तो डोंबिवलीत राहतो. बाकीच्यांनी घरून निघण्याआधी चौकशी करायला हवी होती.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हापासून रेल्वेने पाहुण्यांसाठी काय कमी केलंय? इंडिकेटरच घ्या. कल्याणपुढे रूळ फुटतात, एक फाटा कसाऱ्याला, दुसरा कर्जतला. गल्लत होऊ नये म्हणून कसाऱ्याची खूण 'एन' आणि कर्जतची 'एस'. कसाऱ्यात एन कुठून आला, असं विचारणाऱ्याने नॉर्थ-साऊथ पाहावं, होकायंत्र जवळ ठेवावं. शिवाय स्लो गाडीचीही खूण 'एस'च. म्हणजे 'एस' वाचून ठाण्याचा पाहुणा निर्धास्त बसू शकतो, आणि कर्जतचाही. चुकलाच तर कसाऱ्यालाही घाट आहे, कर्जतलाही घाट आहे. हवापालट होतोच.

दादरला तर डिसेंबर २०२३ पर्यंत एक नंबरचे दोन फलाट होते, एक पश्चिम रेल्वेचा, एक मध्य रेल्वेचा. 'एक नंबरवर थांब' असा निरोप मिळालेले मामा आणि भाचा दोघंही वेळेवर पोचायचे आणि दोघंही दुसऱ्याच्या बेजबाबदारपणावर तासभर चरफडायचे. मग मध्य रेल्वेच्या फलाटांना आठपासून पुढचे आकडे मिळाले. जुने दादरकर मात्र अजूनही जुनेच नंबर सांगतात, आणि वर 'तिथेच हो, पुलावरून उतरलात की' म्हणतात. पूल कुठला, हे सांगायला त्यांना वेळ नसतो.

खरी परीक्षा दारात. समजा पाहुण्याला बोरिवलीला जायचंय आणि तो दादरला विरार फास्टमध्ये चढला. गाडी बोरिवलीला थांबते, हे खरं. पण गाडी थांबणं आणि माणूस उतरणं यांचा विरार फास्टमध्ये काही संबंध नाही. वांद्रं मागे पडतं न पडतं तोच दाराजवळचे गृहस्थ विचारतात, "कुठे?"

"बोरिवली."

डबा शांत होतो. "मग यात कशाला चढलात? मागून बोरिवली येतेच आहे ना!"

पाहुणा बॅग पोटाशी धरतो. मागून पाठीवर बोट टोचतं, "उतरणार का?" तो हो म्हणतो. "पुढचा उतरणार का?" हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून तोही पुढच्याच्या पाठीत बोट टोचतो. या क्षणी तो मुंबईकर झाला. बोरिवलीचा फलाट कुठल्या बाजूला येतो, हे त्याला अजून कळलेलं नाही, पण ते त्याच्या पाठीमागच्यांना कळलेलं आहे, आणि तेवढं पुरतं.

बेस्टच्या बसच्या कपाळावर नंबर देवनागरीत असतो, ही मराठी माणसाची खरी सोय. फक्त तो वाचून होईपर्यंत बस थांब्याच्या चार हात पुढे गेलेली असते. रिक्षाचं सोपं आहे. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षाला बंदी आहे. उत्तरेला बंदी नाही, फक्त तुम्हाला जायचं तिकडे रिक्षावाल्याला जायचं नसतं. भुयारी मेट्रो आता आरेपासून कफ परेडपर्यंत धावते. थंडगार डबा, वाचता येणाऱ्या पाट्या. गावी जाऊन सांगण्यासारखं त्यात काही नाही.

काही चतुर पाहुणे गर्दी टाळायला रविवारी येतात. रविवारी मेगाब्लॉक असतो. त्या दिवशी स्लो गाडी फास्ट मार्गावरून नेतात, मग ती विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाही. तुमचे काका नेमके नाहूरला राहतात. मुलुंडपर्यंत जा, उलट्या गाडीने मागे या, आणि असुविधेबद्दलची दिलगिरी दोन्ही फलाटांवर ऐका.

त्यापेक्षा काकांनाच गावी बोलवावं म्हणता? बोलवून पाहा. सोमवारी त्यांची आठ बाराची चुकेल, म्हणून ते येणार नाहीत.