डॉक्टरांनी सांगितलंय

मराठी माणूस विनाकारण चालत नाही. चालण्याच्या शेवटी त्याला देव तरी लागतो, नाहीतर किल्ला तरी. देव असेल तर तो आळंदीहून अनवाणी पंढरपूर गाठेल. किल्ला असेल तर मध्यरात्री उठेल, ढोपरं फोडून घेईल आणि वर पोचल्यावर घोषणा देईल. पण सपाट जमिनीवरून, बांधाबांधाने, पाण्याच्या कडेने निवांत चालायचं, दमलो की बसायचं आणि शेवटी बघायला काहीही नाही, असं सांगा. तो लगेच विचारतो, "मग जायचं कशाला?"

या स्वभावापायी कर्जत-खालापूरच्या शेतांची पार उपेक्षा झाली. राजमाची, ढाक बहिरी, कोथळीगड, सोंडाई, इरशाळगड असे उंच उंच मानकरी आजूबाजूला उभे, तेव्हा पायाखालच्या भाताच्या खाचरांकडे कोण बघतो? पावसाळ्यात अर्धी मुंबई इथल्या धबधब्यांखाली उभी असते. फाल्गुनात मात्र त्यातला एकही इकडे फिरकत नाही. पळस फुललेला, कुसुंबाला तांबडी लालभडक पालवी आलेली, आंब्याचा मोहोर गळून बाळकैऱ्या धरलेल्या आणि बघायला कोण? म्हशी.

आम्ही डोंबिवलीहून निघालो ते चौघं. मी, बायको, तिची मैत्रीण आणि आमच्या सोसायटीतले बँकेतून निवृत्त झालेले काका. काकांच्या मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असतं आणि दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय ते झोपत नाहीत. गाडीत त्यांनी विचारलं, "व्ह्यू पॉइंट कुठे आहे?" म्हटलं, नाही. "देऊळ?" वाटेत लागलं तर. "मग परत कुठून फिरायचं?" हा प्रश्न मात्र बिनतोड होता. किल्ल्याचं बरं असतं, वर गेल्यावर पुढे जमीनच संपते.

कर्जतला उतरल्यावर वडा खाल्ला, कारण कर्जतला उतरून वडा न खाणं हा आमच्याकडे सुतकात गोड खाण्याइतका गंभीर प्रमाद आहे. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना बोरघाट चढायला मागून ढकलणारी इंजिनं इथे जोडतात. इंजिन जोडेपर्यंत प्रवाशांनी करायचं काय, या प्रश्नाला वडेवाल्या दिवाडकरांनी जे उत्तर शोधलं ते पिढ्यान्पिढ्या टिकलं. आम्हाला घाट चढायचा नव्हता, तरी मागून कुणी ढकललं असतं तर हवंच होतं.

मिनीडोरने कडावच्या बाजूला उतरलो आणि कालव्याचा बांध धरला. उजव्या हाताला जे दिसायला हवं तेच दिसत होतं: भात काढून झालेली, भेगाळलेली खाचरं, धसकटं, वाल झोडून झालेली खळी आणि मधूनमधून राब भाजण्यासाठी कवळं, पातेरा, शेण रचून ठेवलेले चौकोन. डाव्या हाताला मात्र आषाढ चालू होता. गुडघाभर हिरवंगार भात, त्यात पाणी, पाण्यात बगळे. मधे फक्त एक पायवाट. काका उजवीकडे बघून टोपी सारखी करत आणि डावीकडे बघून छत्री आठवत.

या हिरवाईमागची गोष्ट कर्जतकरांना तोंडपाठ आहे, मुंबईकरांना तिचा पत्ता नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर, मावळात, आंध्रा नदीवर टाटांचं ठोकरवाडी धरण आहे. तिथलं पाणी बोगद्यातून आणि नळांतून पाचशेएक मीटर खाली भिवपुरीच्या वीजघरात येतं, जनित्रं फिरवतं आणि मोकळं होतं. हे वीजघर १९२२ सालचं. त्याच्या आधी १९१५ मध्ये खोपोलीचं झालं, त्याचं पाणी खालापुरात पाताळगंगेला मिळतं. भिवपुरीचं पाणी पेज नदीत आणि राजनाला कालव्यात जातं, म्हणून कर्जतमध्ये उन्हाळी भात होतो. (भिवपुरी बघायला म्हणून भिवपुरी रोड स्टेशनवर उतरू नये. स्टेशनच्या नावात 'रोड' असलं की गाव लांब आहे, हे रेल्वेने आपल्याला प्रामाणिकपणे सांगितलेलं असतं.)

आता खरी गंमत बघा. आंध्रा ही इंद्रायणीला मिळणारी. म्हणजे हे पाणी आपल्या मनाने गेलं असतं तर देहू-आळंदी करत, भीमेतून पंढरपूरला वळसा घालत, थेट बंगालच्या उपसागराला पोचलं असतं. त्याच्या नशिबात जन्मजात वारी होती. टाटांनी त्याची बदली कोकणात केली आणि ते विठोबाला न भेटताच अरबी समुद्राकडे निघालं. शेवटी देव नाही, किल्ला नाही, नुसतं शेतांतून रमतगमत जायचं. माझ्या बाजूचं या तालुक्यात एवढं एकच कोणी होतं.

कारण माणसं तर आम्हाला वेड्यातच काढत होती. बांधावर गाठ पडलेल्या पहिल्याच गृहस्थांनी आपुलकीने विचारलं, "प्लॉट बघायला आलात?" नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा थोडा उतरला. पुढे दोघं पेंढा वाहत होते. त्यांनी काकांच्या हातातल्या काठीकडे संशयाने बघितलं. "मोजणीचं आलात का? रस्ता जातोय काय इकडनं?" तेही नाही म्हटल्यावर, "मग चुकलात जणू. स्टेशन तिकडं." या भागात शेताच्या बांधावरून चालणारा परका माणूस एक तर जमीन घेणारा, नाहीतर मोजणारा, नाहीतर वाट चुकलेला. चौथी जात त्यांनी पाहिलेली नाही आणि त्यांचं काही चूक नाही. जागोजागी पाट्या आहेत: 'नदीकाठी स्वप्नातलं घर', 'क्लिअर टायटल', 'स्टेशनपासून दहा मिनिटं'. ही दहा मिनिटं कोणत्या वाहनाने, ते लिहिलेलं नसतं. हेलिकॉप्टर असावं.

एका ठिकाणी पायवाट सरळ एका कुंपणाच्या भिंतीत शिरली आणि संपली. आत हिरवळ, निळा तरणतलाव आणि एक खुर्चीवरचा सुरक्षारक्षक. त्याने लांबूनच हात हलवला. "रास्ता बंद है." आम्ही परत फिरण्याच्या चर्चेत असताना डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई आली, आमच्याकडे न बघता भिंतीच्या कडेने गेली, तारेच्या कुंपणाखाली भाऱ्यासकट वाकली आणि पलीकडे निघाली. भाऱ्यातली एक काडी हलली नाही. मग आम्हीही तिथूनच गेलो. काकांचा शर्ट तारेत अडकला आणि सोडवण्यात जी धडपड झाली ती घड्याळाने पावलं म्हणून मोजली, याचा त्यांना शेवटपर्यंत आनंद होता.

पुढच्या वाडीत ओसरीवरच्या एका आजींनी हाक मारली. "कुणाकडं आलात?" कुणाकडे नाही. "प्लॉट?" नाही. "मग?" त्या "मग"वर बायकोला एकदम सुचलं. ती म्हणाली, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." आजींच्या चेहऱ्यावर एवढी माया पसरली की बास. चौघांकडे आळीपाळीने बघून त्या हळहळल्या, "सगळ्यांनाच?" मग पाण्याचा तांब्या आला, गूळ आला आणि काकांना सावलीत बसवण्यात आलं. त्यानंतर दिवसभर आम्ही तेच सांगितलं. एकाचाही संशय उरला नाही. मौज म्हणून चालणारा माणूस इथे बेभरवशाचा ठरतो, पण साखर वाढलेल्याला सगळे वाट करून देतात.

उतरत्या उन्हात एक शेतकरीदादा बांधाशी ओणवे झालेले दिसले. खेकड्याने बांधाला आरपार बीळ पाडलं होतं आणि वरच्या खाचरातलं पाणी बारीक धारेने खालच्या, म्हणजे भावकीतल्या, खाचरात पळत होतं. दादांनी फावड्याने चिखलाचा गोळा उचलला, बिळात कोंबला, वर पेंढ्याची मूठ दाबली आणि टाचेने तीनचार वेळा घट्ट केलं. धार थांबली. दोन बोटं सरकून शेजारी नवी सुरू झाली. "हे असंच," ते म्हणाले आणि दुसरा गोळा उचलला.

पाणी पुरतं का, मी विचारलं. ते म्हणाले, टाटाचं पाणी आहे, वर मशीन चाललं की खाली येतं. मुंबईत विजेची मागणी वाढली की मशीन जास्त चालतं. मग त्यांनी फावडं टेकवलं आणि चौकशी केली.

"तुम्ही मुंबईचेच ना?"

"डोंबिवली."

"घरात एसी आहे?"

"आहे की," काका अभिमानाने म्हणाले. "दोन आहेत. दुपारभर चालू असतात."

दादांचा चेहरा उजळला. "लाईट कुणाची? टाटाची?"

"नाही, आमच्याकडे महावितरण."

"हात् तिच्या," दादा म्हणाले आणि पुन्हा बिळाकडे वळले. "मग तुमच्या एसीचा आम्हाला काय उपयोग?"